माझ्या जावेची गाडी

भर दुपारी दुकान टाकून आमचे हे घरी आले आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहिले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय. इंडीहून, माझ्या थोरल्या जावेच्या माहेरून, ट्रंक कॉल आला होता. "वहिनी गेल्या," ते म्हणाले. मी परातीतल्या कणकेतून हात काढला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा... "आणि गाडी?" ते रागावले नाहीत. येताना वाटेत त्यांच्याही मनात तेच आलं होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचा रिवाज आहे. पण माझ्या थोरल्या जाऊबाई, महादेवीअक्का, यांच्याबद्दल मी गोड लिहिलं तर वरून त्याच मला खोटारडी म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. इतकी वर्षं आम्ही एका आवारात राहिलो. एकमेकींचं तोंड बघत नव्हतो असं म्हणतात ते खोटं आहे. रोज सकाळी बघत होतो आणि दोघीही दिवस खराब करून घेत होतो.

ती गाडी थोरल्या भावजींनी आणली. राजेरजवाड्यांचे तनखे बंद होणार अशी बोलणी चालली होती, तेव्हा एका लहानशा संस्थानिकानं आपली जुनी विलायती गाडी विकायला काढली. काळी, लांबलचक, आत चामड्याच्या गाद्या, पुढच्या फळीला अक्रोडाचं लाकूड. सोलापुरात होटगी रोडला आमच्या दारात उभी राहिली की अर्धा रस्ता अडायचा. आमचा धंदा ज्वारी-करडईच्या आडतीचा. त्या पोत्यांच्या घरात ही गाडी शोभतही नव्हती आणि परवडतही नव्हती. भावजींना हौस होती. अक्का तर तेव्हा, "एवढं मोठं जनावर पोसायचं कुणी?" म्हणून कुरकुरत होत्या. वर्षभरात भावजी बसल्या जागी गेले. मूलबाळ नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर हिश्श्याची बोलणी निघाली. लग्नाच्या वरातींना गाड्या पुरवणारा एक कंत्राटदार गाडी घ्यायला तयार होता, तसं यांनी अक्कांना सांगितलं. अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बेडा." इंडीकडच्या त्या, मनाविरुद्ध काही झालं की कन्नडच आधी बाहेर पडायचं. मग आम्हाला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "गाडी विकायची नाही."

"मग दुकानातली पैशाची ओढ कशी भागवायची, वहिनी?"

"दुकान तुम्ही घ्या. शेतही घ्या. मला मागच्या दोन खोल्या आणि गाडी द्या."

दुःखानं बाईचं डोकं फिरलंय असं आम्हाला वाटलं, आणि ते ठिकाणावर यायच्या आत आम्ही सगळं कागदावर करून घेतलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडानं मागितलं, आम्ही दिलं. पुढं माहेरून धान्य यायचं आणि बाकीचा खर्च हातातल्या पाटल्या-बांगड्यांतून निघायचा. हात मोकळे होत गेले आणि गाडी चकाकत गेली.

गाडीचं सगळं शिकल्या कशा, तर हट्टानं. सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजात गाडी नेऊन त्या दिवसच्या दिवस स्टूल टाकून बसायच्या. मिस्त्री वैतागून म्हणायचा, "अम्मा, जरा बाजू सरको, मेरेकू काम करने देव." "तू कर की, मी फक्त बघते," म्हणत अक्का आणखी पुढं वाकायच्या. मग एके दिवशी कपाळाला विभूती, पदर कमरेला खोचलेला, अशा त्या एकट्या गाडी चालवत सिद्धेश्वराला निघाल्या आणि पेठेतली माणसं दुकानांच्या पायऱ्या उतरून रस्त्यात आली. मला त्या दिवशी बाहेर तोंड दाखवायची लाज वाटली.

पुढं पुढं तर रविवारी सकाळी लोक सल्ला विचारायला यायला लागले. कुणी डॉक्टर, कुणी गिरणीतला साहेब. कुणी जुनी मोठी गाडी घेऊन पस्तावलेला, कुणी घ्यायच्या विचारात. अक्का आमच्या आवारातल्या गॅरेजच्या दारात पाट टाकून बसायच्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडं, त्यामुळे मला उद्देशून एक शब्द नसताना ते सगळं माझं पाठ झालं. रंगाला भुलू नका, पायाखालची सतरंजी उचलून पत्रा बघा. गंज दिसला तर तिथूनच परत फिरा. जेमतेम घेण्यापुरता पैसा असेल तर घेऊच नका, घरी आणल्यावर तिला रोज खायला लागतं. सुटे भाग कुठं मिळणार ते आधी विचारा, गाडी नंतर बघा. लोखंडी भाग जुन्या बाजारातला चालेल, यंत्रमागाचे भाग करणारा एखादा कारखानदार तो कातूनही देईल, पण रबर जुनं घेऊ नका. पाण्याच्या नळ्या, पंख्याचा पट्टा तुटायच्या आधी बदला. जागच्या जागी घुरघुरवून काही होत नाही, आठवड्यातून एकदा इंजिन चांगलं तापेपर्यंत फिरवून आणा. वर ताडपत्री टाकू नका, आत ओल धरते. सुती चादर टाका, आपल्या गावात चादरींना काय तोटा? गाडी बाहेर काढली की आधी खालची जमीन बघा, थेंब कशाचा पडलाय ते ओळखा. ब्रेक मऊ लागला तर देवाला निघाला असाल तरी घरी परत या... गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर काय करायचं, तेही त्या सांगत असणार. ते तेवढं माझ्या कानावर पडलं नव्हतं.

आमच्या सुमनला करमाळ्याचं स्थळ आलं. बाजारात मोठी आडत, मुलगा शिकलेला, एकुलता. दिवाळी झाल्यावर बैठकीला या, असा निरोप आला. अशा घरी एसटीतून उतरून चालत जायचं? मी स्वतः उठून अक्कांकडे गेले.

"करमाळा लांब आहे," अक्का म्हणाल्या. "टायर झिजलेत. रेडिएटर गळतोय, तो झाळायला टाकायचाय. एवढ्या लांब माझी गाडी येणार नाही."

"अहो अक्का, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

"तिथं मुलगी द्यायचीय का गाडी?"

मी तशीच उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं माहेरी गेल्या, दरवर्षीप्रमाणे महिनाभरासाठी. भावजींच्या वेळची गॅरेजची आणि गाडीची एकेक किल्ली आमच्याकडे होती. बैठकीच्या दिवशी यांनी गॅरेज उघडलं. चाकांजवळ लाकडी ठोकळे होते, ते काढले. बॅटरीची तार सुटलेली होती, ती बसवली. गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या भावानं नारळ फोडला. मी जरीची साडी नेसून, फळांच्या करंड्या मांडीवर घेऊन मागच्या गादीवर बसले आणि खरं सांगते, त्या अर्ध्या तासापुरती ती गाडी मला आवडली.

कोंडी मागं पडली आणि तापल्या तव्यासारखा वास यायला लागला. मग बॉनेटखालून खडखडाट झाला, आणि दातखिळी बसावी तसं इंजिन एकाएकी घट्ट बसलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. एका कांद्याच्या ट्रकवरून आम्ही मोहोळ गाठलं, तिथून एसटीनं करमाळा. पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं, बैठकीला जमलेली चार मोठी माणसं वाट बघून उठून गेली होती आणि माझ्या साडीला कांद्याचा वास येत होता. त्यांनी चहा दिला. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. सुमननं बैठकीसाठी घेतलेली साडी तेवढी घडी घालून पेटीत ठेवली. पुढं तिला बार्शीला चांगलं घर मिळालं, पण ते पुढं.

अक्का परतल्या त्याच दिवशी मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी बॉनेट वर केलं होतं. "पाणी काढून ठेवलंत आणि आम्हाला सांगितलं नाहीत!"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. गळतोय हे सांगितलं होतं की."

"गळतोय म्हणालात. रिकामा केलाय असं नव्हता म्हणालात! आम्ही नेणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "न विचारता न्याल, एवढं वाटलं होतं. पण पाणी तुमच्यासाठी नाही काढलं. महिनाभर उभ्या गाडीच्या गळक्या रेडिएटरात पाणी ठेवत नाहीत."

त्यातलं खरं कोणतं, हे मी तेव्हापासून ठरवतेय... आणि दर वेळी निकाल त्यांच्या विरुद्धच लागतो. यांनी दुरुस्तीचा खर्च देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. घेतला असता तर भांडण मिटलं असतं, आणि ते त्यांना नको होतं. इंजिन खोलायला, मुंबईहून भाग आणायला वर्ष गेलं. उरल्यासुरल्या बांगड्या त्यात गेल्या. आतला जळून चरे पडलेला एक पिस्टन त्यांनी धुऊनपुसून मधल्या भिंतीवर, माझ्या खिडकीच्या बरोबर समोर ठेवला. फोडणी देताना तो दिसायचा, ताक घुसळताना दिसायचा. एक दिवस मी तो उचलून विहिरीत टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा होता. अशा इंजिनात ते सहा असतात, हे ज्ञान मला त्या आठवड्यात झालं. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

यंदा उन्हाळ्यात अक्का वाळायला लागल्या. दुखणं काय ते कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी आपलं शिवणाचं मशीन मागच्या गादीवर ठेवून, दोन्ही खोल्यांना कुलूप लावून त्या गाडी घेऊन माहेरी गेल्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी हॉर्न वाजवला. निरोपाचा नव्हता तो, आमची म्हैस आडवी आली होती.

आमच्यात पुरतात, पण सासरच्या जागेत मला पुरू नका, असं त्यांनी भावाला बजावलं होतं. माहेरच्या शेताच्या बांधालगतच त्यांना माती दिली. दिवसांच्या कार्याला, शिवगणाराधनेला, आम्ही एसटीनं गेलो. मठाचे स्वामी आले होते, जेवणाच्या पंगती चालल्या होत्या, आणि चिंचेखाली ती गाडी उभी होती. तिच्याजवळ खाकी पँटीतला एक मध्यमवयीन गृहस्थ उभा होता. रविवारी सल्ला विचारायला येणाऱ्यांतलाच एक, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात नोकरीला. जायच्या आधी अक्कांनी त्याला बोलावून घेऊन गाडी त्याच्या नावावर केली होती.

"तुमी धाकट्या जाऊबाई न्हवं?" त्यानं मला ओळखलं. "बाई लई सांगायच्या तुमच्याबद्दल."

"काय सांगायच्या?"

तो घुटमळला. "आज दिवस बरा न्हाय, ऱ्हाऊ द्या."

जेवणं उरकून निघेपर्यंत आमची एसटी चुकली. दुसरी संध्याकाळी होती. तो गृहस्थ सोलापूरवरूनच कुर्डुवाडीला जाणार होता. यांनी मान खाली घालून विचारलं, "आम्हाला होटगी रोडला सोडता का?"

त्यानं हात जोडले. "मालक, तेवढं सोडून काय बी सांगा. बाईंनी माझ्याकडनं वचन घेतलंय. तुमच्या घरचं मानूस गाडीत बसवायचं न्हाय."

हे वळून चालायला लागले. मी मात्र तिथंच थांबले. त्या माणसानं आधी वाकून गाडीखालची जमीन न्याहाळली. बॉनेट वर केलं, पाणी बघितलं, तेलाची कांडी काढून फडक्याला पुसली, परत घालून परत काढली. मग चारही चाकांना हात लावत एक फेरी मारली. मी रोज खिडकीतून बघायचे तीच फेरी, त्याच बाजूनं. मला त्या माणसाचा जितका संताप आला तितका आयुष्यात अक्कांचाही आला नसेल. माझ्यासमोरून गाडी निघून गेली, आतली मागची गादी रिकामी.

अक्कांच्या खोल्या आणि गॅरेज आता आमच्याकडे आलं. गेल्या आठवड्यात यांनी गॅरेजात करडईची पोती ठेवायला हमाल पाठवले. मी त्यांना फाटकातूनच परत लावलं. हे म्हणाले, "आता कसला राग?" रागच आहे. तिथं पोती रचली की पहिल्या आठवड्यात उंदीर येतील, कोपऱ्यात सांडलवंड होईल, भिंतीला ओल धरेल, आणि अक्का जिथं असतील तिथून म्हणतील, यांना रिकामी खोलीसुद्धा सांभाळता येत नाही. ते मला ऐकायचं नाही. म्हणून चहा झाला की मी कुलूप काढते, दोन्ही दारं उघडून वारा खेळवते, फरशी झाडून काढते, आणि परत कुलूप लावते... केर काही निघत नाही.