वळणापर्यंतचं गाणं

दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून सोनईला घरी आले, तेव्हा मला नुसतं पडून राहायचं होतं. पण घर साखर कारखान्याच्या रस्त्याला. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर मोठ्यानं गाणी लावून जायचे. वैताग नुसता! रिकामा ट्रॅक्टर भरधाव जायचा, दोन शब्दही धड कळायचे नाहीत. उसानं भरलेला मात्र रडतखडत चालायचा, म्हणून वळणापर्यंत एखादं कडवं पुरतं ऐकू यायचं. असंच एक नवं गाणं कानात बसलं. दिवसभर तेच गुणगुणत होते. आई म्हणाली, "आख्खं गानं मोबाईलवर लाव की." लावलं. वळणापुढचं मी मनात रचलेलं याहून बरं होतं. मोबाईल बंद केला आणि भरलेल्या ट्रॅक्टरची वाट बघत पडून राहिले.