न आलेल्यांची नावं

जयनगरच्या त्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाबाहेर कॉफीचं एक लहानसं दुकान आहे. मॅच संपली की लोक तिथे जमतात, एका कॉफीचे दोन ग्लास करून घेतात आणि वाद घालायला लागतात. जो खेळला त्याच्यावरून वाद कधीच पेटत नाही, जो आलाच नाही त्याच्यावरून पेटतो. अमकीचा घोटा मुरगळला नसता तर, तमकीची इंटर्नशिप लागली नसती तर. पन्नाशीचा महांतेश हा या मंडळींचा म्होरक्या. कॉलेजचा माजी विद्यार्थी, खेळाच्या सामानाचं दुकान चालवतो, आणि गेल्या तीस वर्षांतल्या प्रत्येक पराभवासाठी त्याच्याकडे एक गैरहजर खेळाडू तयार असतो. पुण्याहून आलेला, कोरमंगलात पीजीमध्ये राहणारा, आयटीतला अजित त्याला मोबाईलवर आकडे काढून दाखवतो, "बघा सर, निधी नसताना आपला अॅव्हरेज अठरा पॉइंटनी पडतो." दोघांचं एकमत आजवर झालेलं नाही. व्हावं अशी दोघांचीही इच्छा नसावी.

गुंडोराव जगताप या काथ्याकुटात कधी पडले नाहीत. ते आपली कॉफी अख्खी घेतात, उभ्याउभ्या संपवतात आणि घरी जातात.

गुंडोराव हे स्कोअरर. कोर्टाच्या कडेला टेबलामागे बसायचं, कोणी किती पॉइंट केले, कोणाचे किती फाउल झाले ते शीटवर लिहायचं, आणि फाउल झाला की त्या खेळाडूच्या आकड्याची पाटी वर धरायची. एक ते चार या पाट्या पांढऱ्या, पाचाची लाल. लाल पाटी वर गेली की तो खेळाडू बाहेर. हे काम ते चाळीस वर्षं करताहेत. या चाळीस वर्षांत त्यांनी एकही मॅच चुकवलेली नाही. लग्नानंतर चौथ्याच दिवशी ते टेबलावर होते, आणि हे त्यांच्या पत्नी वसुमतीबाई अजूनही पाहुण्यांसमोर न चुकता सांगतात.

यामागे एक न खेळलेली मॅच आहे. जगतापांचं घराणं बेंगळुरूत तीनशे वर्षांपासूनचं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. गुंडोराव याच कॉलेजात शिकले, याच कोर्टावर खेळले, आणि खेळायचे ते असे की मुलींच्या कॉलेजची बस थांबायची. १९८३ साली टीम फायनलला गेली, आणि त्याच दिवशी सरकारी कारकुनाची परीक्षा आली. वडील म्हणाले परीक्षा, म्हणून परीक्षा. टीम एका पॉइंटने हरली. गुंडोरावांना वीज खात्यात नोकरी लागली, त्या नोकरीवर दोन मुलं शिकली, घर झालं, सगळं सुरळीत झालं. पण कॉफीच्या दुकानासमोर पुढची कित्येक वर्षं "गुंडो असता तर" चालू राहिलं. टीममधल्या मुलांना तोंड दाखवायचा त्यांना धीर झाला नाही. वर्ष-दीड वर्ष ते त्यांना पाहून रस्ता ओलांडायचे. मग एकदा स्कोअरर आजारी पडला, कोणीतरी हाक मारली, आणि हा माणूस त्या खुर्चीत बसला तो बसलाच.

त्यामुळे न आलेल्या खेळाडूंच्या बाबतीत ते फार कडक. मॅचआधी कॅप्टन नावांची यादी देते. यादीतली मुलगी उशिरा आली तरी खेळू शकते, असा नियमच आहे. पण मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं उरली की गुंडोराव विचारणार, "ही आली का? मग कापू?" त्यांच्या कपाळावरची आठी बघून बहुतेक कॅप्टन कापा म्हणायच्या. नियम काहीही म्हणो, गुंडोरावांच्या शीटवर न आलेल्या माणसाला जागा नव्हती. हे चूक होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी अनुषाने कापू दिलं नाही.

अनुषा मुलींच्या टीमची कॅप्टन. सेकंड इयरची, जयनगरातच वाढलेली, बोलायला मऊ. तिने दिलेल्या यादीत नऊ नावं होती आणि कोर्टावर मुली होत्या सहा. दोघी इंटर्नशिपला गेलेल्या. आणि निधी, टीममधली सगळ्यात भारी खेळाडू, व्हाइटफील्डला एका कंपनीत मुलाखतीला. निधी नागपूरची, वडील नाहीत, धाकटा भाऊ शाळेत. तिला मुलाखत सोड म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

"ही निधी यायची नाही," गुंडोराव म्हणाले. "व्हाइटफील्डहून मेट्रोने यायचं, मॅजेस्टिकला गाडी बदलायची. कापतो."

"नको, अण्णा. राहू दे."

"येणार आहे का ती?"

"माहीत नाही. पण टीममध्ये आहे की."

गुंडोरावांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. नाव राहिलं.

त्या दिवशी जिंकण्याचा प्रश्नच नव्हता, समोरची टीम गतवर्षीची विजेती होती. प्रश्न वेगळा होता. पंधरा दिवसांपूर्वी चारच मुली जमल्या म्हणून अनुषाच्या टीमला एक मॅच सोडून द्यावी लागली होती. लीगचा नियम असा की एका मोसमात दोन मॅच सोडल्या, न खेळता किंवा अर्ध्यावर, की दोन वर्षं बाहेर. दोन वर्षांनी अनुषाही कॉलेजात नसणार आणि टीमही नसणार. मॅच सुरू करायला पाच जणी लागतात, पुढे खेळताना कोर्टावर निदान दोन खेळाडू उरले पाहिजेत. एक उरली की मॅच सोडली असं धरतात. म्हणजे कितीही पॉइंटनी हरा, पण शेवटच्या भोंग्यापर्यंत दोघी तरी उभ्या राहा.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये एकीचा पाय मुरगळला. उरल्या पाच. तिसऱ्यात एकीला लाल पाटी दाखवावी लागली. चौथ्या क्वार्टरमध्ये चार मिनिटांत आणखी दोन लाल पाट्या गेल्या, आणि दोन्ही वेळा मुली डोळे पुसत बेंचवर जाऊन बसल्या. घड्याळात तीन मिनिटं वीस सेकंद उरली होती. कोर्टावर अनुषा होती आणि फर्स्ट इयरची आश्लेषा, उंचीने अनुषाच्या खांद्याला लागेल न लागेल अशी. समोर पाच जणी.

आणि अनुषाचे चार फाउल झाले होते.

कुंपणापाशी महांतेश आणि अजित यांची निधीवरून नेहमीची जुंपली होती. ती थांबली. अजितने मोबाईल खिशात ठेवला. या परिस्थितीचे आकडे त्याच्याकडे नव्हते.

समोरची टीम दयामाया दाखवणारी नव्हती आणि दाखवायचं कारणही नव्हतं. त्यांच्या कॅप्टनने लगेच ओळखलं की अनुषाला एक फाउल करायला लावला की काम संपलं. ती बॉल घेऊन सरळ अनुषाच्या अंगावर येऊ लागली. तेव्हा अनुषाने जे केलं ते गुंडोरावांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. हातच पुढे नाहीत तर हाताचा फाउल होणार कसा? मग ती नुसत्या पायांनी खेळू लागली. ती डावीकडे गेली की ही डावीकडे, ती थबकली की ही थबकणार, मध्ये वीतभर अंतर, आणि अंगाला अंग नाही. मागे आश्लेषा एकटी उरलेल्या चौघींमध्ये धावत होती. पास अडवायला एकदा इकडे, एकदा तिकडे. बास्केट होत होत्या, कशा थांबणार? पण प्रत्येक बास्केटनंतर आश्लेषा बॉल उचलून रेषेबाहेर जायची, अनुषाला द्यायची, आणि दोघी पुन्हा पाच जणींना सामोऱ्या जायच्या. तीन मिनिटं ही केवढी मोठी असतात ते त्या दिवशी तिथल्या सगळ्यांना कळलं.

दोन मिनिटं राहिली असताना पाचही जणी बॉल हिसकावायला एकट्या अनुषाभोवती गोळा झाल्या. अनुषाने न बघता बॉल त्यांच्या डोक्यांवरून लांब फेकला. पलीकडे आश्लेषा एकटीच होती. तिने बॉल धरला, दोन पावलं टाकली आणि बास्केट केली. टाळ्या पाहुण्या टीमच्या बेंचवरूनही आल्या. गुंडोरावांनी शीटवर दोन पॉइंट लिहिले आणि आपले दात घट्ट मिटलेले आहेत हे त्यांना तेव्हा जाणवलं.

शेवटच्या मिनिटाला समोरची कॅप्टन पुन्हा आली. या वेळी पूर्ण वेगात. अनुषा वाटेत जाऊन उभी राहिली, पाय रोवून, आता हात छातीवर दुमडलेले. टक्कर एवढ्या जोराची झाली की अनुषा पाठीवर पडून हातभर घसरत गेली. शिट्टी वाजली.

गुंडोरावांचा हात सवयीने पाट्यांकडे गेला. लाल पाटी हाताला लागली आणि हात तिथेच थांबला. स्कोअररने कोणाच्या बाजूचं असू नये, हे त्यांनी किती पोरांना शिकवलं होतं. आणि या घडीला त्यांना काय हवं होतं ते त्यांना अगदी स्पष्ट ठाऊक होतं. रेफरी टेबलाकडे वळला. त्याने एक हात डोक्यामागे नेला, म्हणजे फाउल अंगावर येणारीचा. अनुषा आधीपासून उभी होती आणि हलली नव्हती.

गुंडोरावांनी समोरच्या कॅप्टनची पांढरी पाटी वर केली.

भोंगा वाजला तेव्हा स्कोअर होता चौऱ्याहत्तर-एक्केचाळीस. तेहतीस पॉइंटनी हार. पाहुण्या टीमच्या मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि एकेक करून त्या दोघींशी हात मिळवून गेल्या. समोरच्या कॅप्टनने अनुषाचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. महांतेश कुंपणाला धरून उभा होता, आणि त्याला कोणाचंही नाव सुचत नव्हतं.

अनुषा सही करायला टेबलाशी आली. कोपर सोलवटलेलं, श्वास लागलेला. तिने स्कोअरकडे पाहिलंही नाही.

"अण्णा, मॅच पूर्ण झाली ना? आता बाहेर काढणार नाहीत ना आम्हाला?"

"पूर्ण झाली, पुट्टी," गुंडोराव लेकीला हाक मारावी तसं म्हणाले. "कोणी काढत नाही."

ती सही करत होती तेवढ्यात गेटाशी निधी दिसली. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, कपाळ घामाने ओलं. मेट्रो स्टेशनपासून धावत आली असावी. आत यायला गेटावर कोणी अडवत नव्हतं, तरी ती गेटाच्या बाहेरच उभी राहिली. बेंचवर बर्फ लावून बसलेली मुलगी, रडून लाल झालेल्या तिघी, अनुषाचं कोपर, हे सगळं ती तिथूनच बघत होती. आणि मग ती वळली. अशी वळणारी पाठ कशी दिसते हे त्या मैदानावर गुंडोरावांइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याआधी अनुषाने तिला पाहिलं होतं.

अनुषाने पेन टाकलं आणि लंगडत गेटाकडे गेली. आता ही बोलणार, असं गुंडोरावांना वाटलं. बोलली असती तर तिचं काही चुकलं नसतं.

"इंटरव्ह्यू कसा झाला?" अनुषाने विचारलं.

"चांगला झाला," निधी म्हणाली. " पुढच्या राऊंडला बोलावलंय."

"कधी?"

"शनिवारी. दुपारी." निधीने मान खाली घातली. "शनिवारी मॅच आहे ना आपली."

"आहे की."

"मग?"

"मग काय? तू तिकडं जा. चांगलं बोल. आम्ही खेळतो." अनुषाने तिच्या हातातली फाइल काढून आपल्या काखेत धरली. "आता स्वल्प आत चल. आश्लेषाने बास्केट केली, तिला तुला सांगायचंय."

दोघी आत आल्या. टेबलावर शीट पडली होती, निधीच्या नावापुढचे सगळे रकाने कोरे होते, पण नाव कापलेलं नव्हतं. गुंडोराव खुर्चीतून उठले. कॉफीला गेले नाहीत, सामानही आवरलं नाही. मुली घरी जाईपर्यंत ते तसेच उभे होते.