ढोलकीला खिडकीची जागा

आमच्या वाद्यपेढीची एक ढोलकी सगळा ऊसतोडीचा हंगाम जिल्ह्याबाहेर काढून आली. तिची खरी किंमत सांगतो.

माझा आणि बाबूमामांचा अबोला.
मामांची दुपारची झोप.
आणि ती परत आली तेव्हा बघायला मामाच नव्हते.

आज मामांना जाऊन वर्ष झालं.

ओळखत नसाल तर सांगतो. मामा म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. परळीत माझं मंडप-साउंडचं दुकान आहे, त्याच्या पुढच्या खोलीत आम्ही वाद्यपेढी चालवतो. पेटी, तबला, ढोलकी, टाळ. लोकांनी दिलेली वाद्यं. ज्याला शिकायचंय त्यानं महिनाभर घरी न्यायची, फुकट.

रफिक पगारी. तो तबला-ढोलकीला कातड्याच्या पुड्या चढवतो, पेटीचे भाते चिकटवतो.
मामा काउंटरला. बिनपगारी, फुल अधिकारी.

त्यांचा नियम एकच. वाद्य परत देताना वाजवून दाखवायचं.

"वाजवल्याबिगर जमा करणार न्हाई. शिकला का माळ्यावर टाकून ठेवली, कळाय पायजे का न्हाई?"

लांबच्या गावांना मामा वाद्य एसटीनं पाठवायचे. सगळे कंडक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. इथं केजच्या गाडीत बसवायचं, केजला दुसऱ्याच्या हवाली करायचं.

टपावर नाही, डिकीत नाही. सीटवर, खिडकीशी. वर हाफ तिकीट.

कंडक्टर विचारायचे, "मामा, ढोलकीला तिकीट कावून?"
"ती काय सामान हाय का बे? पाशिंजर हाय."

आता माझं. मी कानाचा माणूस. सायकलवर एक भोंगा बांधून धंदा सुरू केला आणि कानाच्या जोरावर वाढवला. पेढीतली कुठलीही ढोलकी वाजू द्या, पाठ फिरवून सांगतो कुठली. हे मी इतक्या पंगतीत सांगितलंय की आता लोक माझ्याआधीच म्हणून टाकतात.

तर, नांदूरघाटकडची सुमनबाई. दरसाल नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणारी. त्यांच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे, पण ढोलकीला बाप्या माणूस.

"त्यो रुसला की आमचं भजन बंद. लई नखरे हायती त्याचे. आता मीच शिकते."

आणि शिकली की! मोबाईलवर बघून, रफिकला विचारून. दर महिन्याला यायची, वाजवून दाखवायची, तीच ढोलकी पुन्हा न्यायची.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली. सुमनबाई काउंटरला येऊन उभी राहिली.

"मामा, हात आत्ता कुठं बसलाय. कारखान्यावर नेऊ द्या. न्हाईतर चैतात पुन्हा त्याच्याच पाया पडायचं."

मी आतून ओरडलो, "जिल्ह्याबाहेर वाद्य जात न्हाई! ते मागं पाटीवर लिवलंय!"

मामांनी मागं वळून पाटी बघितली. मग काढली. आणि काउंटरखाली ठेवली.

"आता कुठं लिवलंय?"

मी तापलो. म्हणालो, मामा, लोकांनी विश्वासानं दिलेली वाद्यं आहेत. पाचटाच्या कोपीत राहणार ती, उघड्यावर. दव, धूर, पोरंबाळं. आपली सगळ्यात चांगली ढोलकी. ती गेली तर उद्या पेढीला कोण वाद्य देईल?

"अन् तिचा हात गेला तर पेढी कशाला पायजे, दिनकर?"

ढोलकी त्यांनी सुमनबाईच्या हवाली केली. मी पुढं बरेच दिवस मामांशी बोललो नाही.

मामा मात्र रोज दुपारी झोप सोडून स्टँडवर जायचे. तिकडून आलेल्या गाड्यांतल्या माणसांना विचारायचे, टोळी कुठं हाय, ढोलकी वाजती का. कुणीतरी सांगितलं, वाजती. त्या दिवशी माझ्या टेबलावर न बोलता चहा ठेवून गेले. मीही न बोलता प्यालो. अबोला तिथंच सुटला.

हंगाम अर्धा झाला आणि मामा गेले. झोपेतच.

चैताच्या तोंडावर टोळ्या परतल्या. एक दिवस सुमनबाई केजच्या गाडीतून उतरली. गाडी खच्चून भरलेली. ढोलकीला खिडकी दिली होती आणि ही बया सगळा रस्ता उभी.

"कंडक्टरनं हाफ तिकीट फाडलंच न्हाई," ती रफिकला म्हणाली. "म्हणला, मामाचं पाशिंजर हाय. तवा कळलं मला मामा गेल्याचं."

दवानं पुडी फाटली होती, ती तिनं तिकडच्याच बाजारात नवी चढवून घेतली होती. पदर डोळ्याला लावला, मामांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली आणि वाजवायला लागली.

वाजवल्याबिगर जमा नाही.

त्या पाडव्याला गावात बायकांचं भजन झालं. जुना ढोलकीवाला मागं बसून टाळ वाजवत होता म्हणे.

ती जिल्ह्याबाहेरची पाटी मी पुन्हा लावली नाही. यंदा दिवाळीनंतर तीन टोळ्यांसोबत आमची वाद्यं गेलीत. दोन ढोलक्या आणि एक पेटी. भाते फुटतील, पुड्या फाटतील. रफिक बसलाय की. कुणी काही म्हणो, हे आता थांबणार नाही. दुपारी स्टँडवर मी जातो. गाड्यांना विचारतो. लोक हसतात, हसू द्या.

मामा, खुर्ची तिथंच आहे. त्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवत नाही.
भरल्या मनानं डबल बेल देतो. सावकाश जा.

एवढं लिहिलं, तर तेही लिहितो. सुमनबाई वाजवत होती तेव्हा मी मागं गोडाऊनमध्ये फोनवर होतो.
मी ओरडलो, "रफिक, स्पीकर बंद कर बे, गिऱ्हाईक बोलतंय!"

स्पीकर बंदच होता.