एकाआड एक शनिवार

गिरीश पांढरीपांडेला भांडता येत नसे. नागपूरला त्यांच्या घरात सगळे तावातावाने बोलणारे. हा मात्र आवाज चढला की उठून पाणी प्यायला जायचा. पुढे शिकला, पुण्यात नोकरीला लागला, केतकीशी लग्न झालं आणि दोघं डब्लिनला आली. ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचं काम त्याला मिळालं. तिथे त्याचं आडनाव कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून तो ‘पँडी’ झाला. पँडी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, त्याने केलेलं काम पुन्हा तपासावं लागत नाही, अशी त्याची ऑफिसात ख्याती.

घरीही तो तसाच होता, आणि घरी ते चाललं नाही. ॲडम्सटाउनच्या घरात एका रविवारी इस्त्री करता करता केतकी म्हणाली, “गिरीश, मला हे असं नको आहे आता.”

“असं म्हणजे कसं?”

“हे तुला विचारावं लागतंय ना, असं.”

तो उठून पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा ती शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होती. शर्ट त्याचाच होता.

आदळआपट झाली नाही, शेजाऱ्यांना पत्ता लागला नाही. केतकी आणि मुलगी मुक्ता ॲडम्सटाउनलाच राहिल्या. गिरीशने पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळाजवळ स्वोर्ड्समध्ये, एका घरातली एक खोली भाड्याने घेतली. वकिलांनी ठरवून दिलं की मुक्ता एकाआड एक शनिवार दिवसभर बापाबरोबर राहील. मुक्ता तेव्हा दुसरीत होती.

आता सात वर्षांच्या मुलीला घेऊन शनिवारभर करायचं काय? स्वोर्ड्सच्या खोलीत नेण्यासारखं काही नव्हतं; घरातले बाकीचे दोघे विमानतळावर पाळीत काम करायचे आणि दिवसा झोपायचे. मग गिरीशने तिला फिनिक्स पार्कात हरणं दाखवली, दोनदा तीच हरणं. सिनेमा झाला. मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून वरखाली झालं. मुक्ता तक्रार करायची नाही. विचारलं तर “आय’म ग्रँड, बाबा,” म्हणायची, म्हणजे मी बरी आहे, मला काही नको. जेवायला बसलं की मात्र बर्गरचा एक घास चावून ताट पुढे सरकवायची. संध्याकाळी दारात केतकी विचारायची, “जेवली का?” आणि गिरीश म्हणायचा, “थोडंसं.”

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दोघं ॲडम्सटाउनशेजारच्या लुकनमध्ये होती. पाऊस असा आडवा की छत्री उघडून उपयोग नाही. मुक्ताचे मोजे भिजले आणि ती रस्त्यातच रडायला लागली. टायरच्या दुकानाला लागून एक छोटं हॉटेल होतं, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. कसलं हॉटेल आहे हे न बघताच गिरीश तिला घेऊन आत शिरला.

ते व्हिएतनामी कुटुंबाचं हॉटेल होतं. नवरा लाम आत स्वयंपाक करायचा, बायको हान बाहेरची सात-आठ टेबलं बघायची. हानने मुलीकडे एकदा पाहिलं, काही न विचारता तिचे मोजे काढून रेडिएटरवर वाळत टाकले आणि मग गिरीशला विचारलं, “काय देऊ?”

“बीफ नको. चिकनचं काही आहे?”

“चिकन फो आहे.”

“त्याचं पाणी बीफच्या हाडांचं असतं का?”

हानने त्याच्याकडे नीट बघितलं. “पुष्कळ ठिकाणी असतं,” ती म्हणाली. “आमचं चिकनचं पातेलं वेगळं आहे. हवं तर आत येऊन बघा.”

तो आत गेला नाही. दोन वाडगे आले, मुक्ताचं डोकं मावेल एवढाले. तळाशी तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर चिकनचे पातळ काप आणि कांद्याची पात, त्यावर कढत सूप. बाजूच्या ताटलीत मोड आलेले मूग, तुळशीसारखा वास येणारा पाला, लिंबाची फोड, मिरचीच्या चकत्या. वाफ तोंडावर आली आणि गिरीश थबकला. चक्रीफूल आणि दालचिनी. एवढ्या फिक्या रंगाच्या पाण्याला मसाल्याचा वास येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

मुक्ताला काड्या धरता येईनात. हानने दोन काड्यांच्या टोकाला रबरबँड गुंडाळला आणि मधे कागदाची घडी खुपसून चिमटा करून दिला. त्या चिमट्याने मुक्ताने शेवया उचलल्या, पाडल्या, पुन्हा उचलल्या. शेवटी वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावून ती तळातलं पाणी प्यायली.

त्या संध्याकाळी केतकीने विचारलं, “जेवली का?”

“सगळं,” गिरीश म्हणाला.

मग तेच ठरून गेलं. एकाआड एक शनिवारी गिरीश ॲडम्सटाउनहून मुक्ताला घ्यायचा, इकडेतिकडे थोडं फिरवायचा आणि दुपारी लुकनच्या त्या हॉटेलात घेऊन जायचा. तो मराठीत विचारायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. शाळा कशी आहे, मैत्रीण कोण, पोहणं चालू आहे का. प्रश्न लवकर संपायचे. पण फोचं एक बरं होतं, तो घाईने खाता येत नाही आणि खाताना वाडग्यात बघावं लागतं. समोरासमोर बसूनही एकमेकांकडे बघण्याची सक्ती नाही. दोघांनाही ते सोयीचं होतं. बोलणं थांबलं तर थांबलं. कुणी मूग टाकतंय, कुणी लिंबू पिळतंय, एवढं पुरायचं.

हानने त्यांना कधी खोदून विचारलं नाही. मुलीची आई कुठे असते, नेहमी शनिवारीच का, मधला शनिवार का सोडता. ती फक्त खिडकीजवळचं टेबल राखून ठेवायची. पुढेपुढे तर त्यांना बघूनच आत दोन चिकन सांगायची.

वर्षं गेली. रबरबँडचा चिमटा सुटला. लॉकडाउन लागलं तेव्हा हॉटेलातली टेबलं उलटी करून ठेवली होती आणि हान दारातून पार्सल द्यायची. पार्सलमध्ये सूप वेगळ्या डब्यात, शेवया वेगळ्या, पाला कागदात गुंडाळलेला. गिरीश आणि मुक्ता गाडीतच बसून ते एकत्र करायची. काचा आतून धुरकट व्हायच्या, सूप सीटवर सांडायचं. एकदा गिरीशच्या मांडीवर अख्खा डबा उपडा झाला आणि तो नागपुरी थाटात असं काही ओरडला की मुक्ता हसून हसून लाल झाली. “व्हॉट डझ दॅट मीन?” तिने विचारलं. त्याने सांगितलं नाही. गाडीला मात्र पुढे कितीतरी दिवस चक्रीफुलाचा वास येत राहिला.

हायस्कुलात गेल्यावर मुक्ता शनिवार चुकवू लागली. ती कॅमोगी खेळायची, लाकडी काठी आणि चेंडू घेऊन मुली खेळतात तो इथला खेळ. कधी मॅच असे, कधी सराव, कधी कुणाचा वाढदिवस. मेसेज यायचा, “सॉरी बाबा, नेक्स्ट टाइम.” गिरीश उत्तर धाडायचा, “ओके बाळा.” मग एकटाच लुकनला जायचा आणि खिडकीजवळ बसायचा. हान एकच वाडगा आणायची. एवढ्या लांब, तेही एकट्याने, का येतो, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. शनिवारी दुपारी तिथे जायचं असतं, म्हणून तो जायचा.

असे सलग चार-पाच शनिवार गेल्यावर केतकीचा फोन आला. “तिला जबरदस्ती करू नकोस.”

“मी कुठे जबरदस्ती केली?”

“तेच म्हणतेय मी. ती येत नाही, तर तू ‘ओके’ लिहून मोकळा होतोस. तिला वाटतं तुला फरक पडत नाही.”

“पडतो की.”

“मग हे मला कशाला सांगतोस?” केतकी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच सुमारास कंपनीने पुण्यात नवी टीम उभारायचं ठरवलं. गिरीशला विचारण्यात आलं. पद मोठं होतं, नागपूरला आईही थकली होती, आणि डब्लिनात राहण्याची त्याची कारणं एकेक करून गळत चालली होती. होकार कळवण्याआधी मुक्ताला सांगावं, एवढंच त्याने ठरवलं. त्याने पहिल्यांदाच लिहिलं, “या शनिवारी ये. बोलायचं आहे.” ती आली. पंधरा वर्षांची, गुडघ्याला बँडेज, केस ओले.

सूप येईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, “मला पुण्याला बदली देतायत. जाईन म्हणतोय.”

मुक्ता मूग एकेक करून वाडग्यात टाकत होती. तिने इंग्रजीत विचारलं, तू मला विचारतोयस की सांगतोयस?

गिरीशची नजर टेबलावर पाण्याचा ग्लास शोधू लागली. ग्लास होता, पण तो त्याने उचलला नाही.

“सांगायला आलो होतो,” तो म्हणाला. “पण विचारतो.”

“देन डोंट गो,” मुक्ता म्हणाली आणि खाली मान घालून खायला लागली. बराच वेळ झाल्यावर, तोंडात घास असतानाच, तिने पुस्ती जोडली की मॅच बघायला येणाऱ्या बाकीच्या बापांसारखं आलास तर तुझं काही बिघडणार नाही. मला कुणी बोलावलंच नाही, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण तसं तिलाही म्हणता आलं असतं. “कुठे असते मॅच?” त्याने विचारलं.

पुण्याचं पद दुसऱ्या कुणाला मिळालं. गिरीश चिखलाच्या मैदानाकडेला उभं राहायला शिकला. कॅमोगीचे नियम त्याला शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. बाकीचे ओरडले की तोही ओरडायचा.

पुढच्या वर्षी मुक्ता ट्रान्झिशन इयरला गेली. इथे शाळेत असं मधलं एक वर्ष असतं, मोठी परीक्षा नाही, मुलं कामाचा अनुभव घेतात. सोळा पूर्ण झाल्या झाल्या तिने कुणालाही न सांगता हानकडे काम मागितलं, आणि हानने तिला शनिवारी ठेवून घेतलं. दर शनिवारी. म्हणजे एकाआड एकचा हिशेबच संपला. गिरीशला हे फोनवर कळलं. त्याला आधी वाटलं, आता आपला शनिवार गेला. मग वाटलं, जाऊन तर बघू.

तो गेला तेव्हा हॉटेल गच्च भरलेलं होतं. काळा एप्रन बांधलेली मुक्ता हातात पॅड घेऊन आली आणि बाकीच्यांना विचारत होती त्याच सुरात तिने विचारलं, काय आणू? तो म्हणाला, चिकन फो. ती गेली. तो बघत राहिला. भरलेल्या वाडग्याचं वजन तिच्या मनगटाला जाणवत नव्हतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी ती वाकून, हळू बोलली. एका टेबलावरच्या उद्धट पोराला तिने दोन शब्दांत गप्प केलं, आवाज न चढवता आणि तिथून न हलता. हे तिला कुणी शिकवलं, हे गिरीशला कळेना. आपण नक्कीच नाही.

वाडगा ठेवून ती लगेच वळली नाही. शेजारच्या टेबलाकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला आणि चक्क मराठीत म्हणाली, “बाबा, लवकर खा. बाहेर लाइन आहे. मला टेबल पाहिजे.”

‘टेबल’ खास लुकनचं होतं आणि ‘पाहिजे’तला ‘ह’ कुठेतरी पडून गेला होता. गिरीशने मान डोलावली. त्याने भराभर खाल्लं, जीभ भाजली, आणि उठून बाहेर गाडीत जाऊन बसला. तिचं काम संपेपर्यंत तो तिथेच थांबला. तिला ॲडम्सटाउनला सोडताना ती वाटभर बोलत होती. लाम आत कसा गाणी म्हणतो, कोणतं गिऱ्हाईक कसं वागलं. घर आलं तरी ती उतरेना, गोष्ट पुरी करूनच उतरली. पुढची दोन वर्षं तो तिला असाच घरी सोडत राहिला.

मुक्ताला देशाच्या पार पश्चिम टोकाला, गॉलवेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी हानने तिला जेवायला बोलावलं आणि घरच्यांना आण म्हणाली. केतकी त्या हॉटेलात पहिल्यांदाच आली. बसता बसता ती गिरीशला म्हणाली, “इथे आणायचास तू तिला? मला वाटायचं, बर्गर खाऊ घालून परत आणत असशील.”

“तू विचारलं नाहीस.”

“तू सांगितलं नाहीस.”

मुक्ताने दोघांकडे बघितलं आणि आईच्या वाडग्यात लिंबू पिळलं. आधी नुसतं सूप पी, मग बाकीचं घाल, असं तिने बजावलं. केतकीने एक चमचा घेतला, डोळे मिटले. “दालचिनी आहे,” ती म्हणाली. “आणि काहीतरी.”

“चक्रीफूल,” गिरीश म्हणाला.

हान मधूनच येऊन उभी राहिली, मुक्ताच्या खांद्यावर हात ठेवून केतकीला म्हणाली, मुलगी कामाची आहे, बोलते फार. लाम आतून हात पुसत बाहेर आला, सगळ्यांकडे बघून हसला आणि परत गेला. फारसं काही बोलणं झालं नाही. जेवण मात्र सावकाश झालं.

आता गिरीश स्वोर्ड्सलाच, पण स्वतःच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहतो. महिन्यातून एखादा शनिवार लुकनला जातो, कधी नाहीही जात. हान विचारते, मुक्ता कशी आहे? तो खुर्ची ओढून घेतो आणि सांगायला लागतो. हानला बाकीची टेबलं बघायची असतात, पण हल्ली त्याचं सांगणं लवकर संपत नाही.