उत्तर पुढच्या खेपेला

खांदेश्वर स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातला तो माणूस कागदांबरोबर प्रत्येकाला एक प्रश्न देतो. "काका, ऑक्टोपसला हृदयं किती?" उत्तर मात्र पुढच्या खेपेला. आपण अंदाज केला की तो कागद झटकत खुशीत म्हणतो, "चुकलं! टेन्शन नका घेऊ, परत या." त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी पत्नी तिथे वरचेवर जायची आणि प्रश्न घरी आणायची. जेवताना त्यावर आमचा वाद व्हायचा. पुस्तक उघडून पाहायला तिची सक्त मनाई असे.

शेवटचा प्रश्न होता, एक डोळा उघडा ठेवून झोपणारा पक्षी कोणता? मी म्हणालो घुबड, ती म्हणाली बदक. उत्तर आणायला तिचं जाणं झालं नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

महिन्याभराने तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला मी गेलो. त्याने दाखला वाचला, यंत्राची काच पुसली आणि कागद पालथा ठेवला. प्रश्न काही विचारला नाही. शेवटी मीच म्हणालो, "तिचं एक उत्तर राहिलंय."

"काकू काय म्हणाल्या होत्या?"

"बदक."

"बरोबर," तो लगेच म्हणाला आणि प्रती जुळवत राहिला. "एकदम बरोबर, काका."

इतक्या वर्षांत त्याने कुणालाही पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. घरी पक्ष्यांवरचं एक जाड पुस्तक आहे. ते मी अजून उघडलेलं नाही.