काकू अर्धं मिनिट पुढे

नेपरव्हिलला काकूंच्या घरी मी पहिल्यांदा अमेरिकन फुटबॉल बघायला गेलो, तेव्हा बेसमेंटमधल्या मोठ्या टीव्हीवर खेळाडू नुसते कंबरेत वाकून उभे होते. बॉल कोणी फेकलाही नव्हता. तेवढ्यात वर किचनमधून आवाज आला, "अहो, पकडला हं त्यानं. लांब पळाला." खाली कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळानं टीव्हीवर बॉल फेकला गेला, एका पोरानं तो पकडला आणि लांब पळाला.

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. मी अंबाजोगाईचा. अंगात येणाऱ्या बायका भरपूर बघितल्यात, पण त्यांना फुटबॉल कळत नाही.

"घाबरू नकोस," काका म्हणाले. काका रिटायर्ड इंजिनिअर, त्यांना सगळं समजावून सांगायची हौस. "हा खालचा टीव्ही इंटरनेटवर चालतो, त्यामुळे अर्धं मिनिट मागे असतो. हिचा वरचा छोटा टीव्ही अँटेनाचा. तिला आधी दिसतं."

"मग खालीपण अँटेना लावा ना."

"बेसमेंटमध्ये सिग्नल येत नाही."

"आणि काकूंना गप्प बसता येत नाही," समीर हळूच म्हणाला. समीर पुण्याचा, माझ्याच ऑफिसातला, मला तिथे घेऊन आलेला.

"ऐकू येतंय रे मला," वरून आवाज आला.

म्हणजे कारण साधं होतं. तरी दर रविवारी तो आवाज जिन्यावरून खाली आला की माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. अजून न घडलेली गोष्ट कोणीतरी भजी तळता तळता सांगतंय, याची सवय होत नाही.

काकू दिसायला एवढ्याशा. कॉटनची साडी, त्यावर टीमची जाड हुडी, पायात लोकरीचे मोजे. शाळेत असताना खो-खो खेळायच्या, त्यामुळे कुठलाही खेळ त्या पायांकडे बघून समजून घ्यायच्या. खेळाडूंची खरी नावं त्यांना पाठ होती, पण वापरायच्या नाहीत. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे 'पाटील', कोच म्हणजे 'मास्तर'. आणि त्या वर्षी नवीन घेतलेला रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन बॉल झेलायचा एवढंच ज्याचं काम, तो 'बंडू'. मला त्या 'नकल्या' म्हणायच्या, कारण मी सगळ्यांचे आवाज काढतो. त्यांचाही काढायचो, त्यांच्यासमोरच. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "आवाज माझाच आहे, पण अळणी आहे रे."

बंडूवरून त्या घरात दर रविवारी भांडण व्हायचं. टीमनं त्याला नव्या पोरांच्या निवडीत पहिल्या राउंडला घेतलेलं, पेपरांत कौतुक, आणि सीझन सुरू झाल्यावर गडी हातात आलेले बॉल सोडत सुटलेला.

"पिक वाया घालवला यार," समीर म्हणायचा. खरे खेळाडू निवडून ऑनलाइन खेळायच्या त्याच्या फँटसी टीमचा बंडूनं निकाल लावला होता. "ट्रेड करून टाका त्याला. दुसरी कुठलीतरी टीम घेईल अजून."

"हाताला तूप लावून येते का बे हा?" हा पंकज, नागपूरचा. "याच्यापेक्षा माझी आजी पकडेल."

"आण की तुझ्या आजीला," काकू जिन्यावरून चटणीची वाटी घेऊन उतरत म्हणायच्या. "पण तिचे पाय असे चालतात का, ते आधी विचार. त्याचे पाय बघा रे. तो निघाला की समोरच्याला कळतसुद्धा नाही. हातांचं काय, हात होतील."

"काकू, पहिलं वर्षच असं गेलं की संपलं हो इथे."

"मी इथे आले त्या पहिल्या वर्षी डिशवॉशरमध्ये भांडी घासायचा साबण ओतला होता. फेस पार हॉलपर्यंत. यांनी मला ट्रेड केलं का?"

"ऑफरच आली नाही," काका म्हणायचे, टीव्हीवरची नजर न हलवता.

गेम संपला की आम्ही प्लेटा उचलायला लागायचो, आणि काकूंचं ठरलेलं वाक्य यायचं, "जा तुम्ही, घरी जा. इथलं मी बघते." बाहेर पाऊस पडत असला तर जास्तच घाईनं. गाडी वळवताना बघितलं की किचनच्या खिडकीत त्या दिसायच्या, हात न हलवता, नुसत्या बघत.

दिवाळीच्या आधी काकू झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी मला फोन करून बंडूबद्दलच बोलल्या होत्या. "त्याला एक वर्ष द्या म्हणावं. पुढच्या वर्षी तो पकडेल, बघ तू." मी त्यांच्याच आवाजात "बघ तू" म्हटलं, तर म्हणाल्या, "मीठ कमी," आणि फोन ठेवला.

लांब शुगर लँडला राहणारी त्यांची मुलगी विमानानं आली. सगळं झाल्यावर म्हणाली, बाबा, चला माझ्याकडे, एवढ्या मोठ्या घरात एकटे काय करणार. काका म्हणाले, "सीझन संपू दे."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. फ्रोझन समोसे नेले होते, ते पंकजनं ओव्हनमध्ये टाकले. बेसमेंटमध्ये बसलो. वर किचनमध्ये कोणी नव्हतं, पण छोटा टीव्ही काकांनी लावून ठेवला होता. खाली खेळाडू वाकून उभे, आणि वरून एकदम हजारो माणसं ओरडल्याचा आवाज जिन्यावरून खाली आला. काहीतरी झालं होतं. काय झालं ते सांगायला कोणी नव्हतं. अर्धं मिनिट आम्ही छताकडे बघत बसलो.

असं तीन-चारदा झाल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू वर जाऊन बस. तिच्यासारखं सांग."

पंकज म्हणाला, "काका, नको ना." पण काकांचा चेहरा बघून मी उठलो.

वर ओटा स्वच्छ पुसलेला. किचनच्या काउंटरला काकू ओटाच म्हणायच्या, मग आम्हीही. हुडी अजून खुर्चीच्या पाठीवर. मी टीव्हीसमोर उभा राहिलो आणि बॉल पकडला गेल्यावर जिन्याकडे तोंड करून म्हटलं, "अहो, पकडला हं."

 खालून काकांचा आवाज आला, अगदी रोजचा, "हो गं."

मी नाटकात कामं केलीत, सरांची नक्कल करून शाळेत मार खाल्लाय. पण त्या "हो गं"नं मी ओट्याला धरून उभा राहिलो.

मग ते ठरूनच गेलं. मी वर, ते तिघं खाली. काका हळूहळू गेम सोडून दुसरंही विचारायला लागले. "अगं, माझी ती बीपीची गोळी कुठेय?" मी अंदाजानं काकूंच्या आवाजात म्हटलं, "वरच्या खणात, हळदीच्या मागं." मग मीच जाऊन खण उघडला. गोळ्या हळदीच्या मागं होत्या. मी त्या खणाला आयुष्यात कधी हात लावला नव्हता.

परतताना गाडीत पंकज म्हणाला, "हे बंद कर बे. तू आवाज काढतो का आवाज तुला काढतो, समजून नाही राहिलं मला."

"काका जेवायला लागलेत यार," समीर म्हणाला. "चालू दे."

बंडू मात्र सुधारला नाही. पेपरवाले, रेडिओवाले, समीर, सगळे म्हणायला लागले, पोरगं फुकट गेलं, सोडून द्या. काका एकटे काकूंची बाजू लढवत राहिले. शेवटच्या गेमला आम्ही पोचलो तेव्हा ते तयार होऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट वगैरे. म्हणाले, "मी ठरवलंय. आज बंडू शेवटी उपयोगाला आला, तर ही म्हणत होती ते खरं. मग मी इथेच राहणार, हिच्याजवळ. नाही आला, तर शुगर लँड. लेकीला तसं सांगितलंय."

"काका, असं एका बॉलवर..." समीर म्हणाला.

"तिच्यावर ठरवतोय," काका म्हणाले. "जा रे नकल्या, वर जा."

'नकल्या' ते मला कधीच म्हणत नसत.

संध्याकाळ व्हायला आली होती. खिडकीबाहेर बर्फ निळा दिसत होता आणि किचनमध्ये टीव्हीचाच काय तो उजेड. शेवटची मिनिटं, आपली टीम थोड्याच पॉइंटांनी मागे. पाटलानं बॉल उंच फेकला. बंडू एकटा पळत होता, मागे कोणी नाही, काकू म्हणायच्या तसे पाय. टेन्शनमध्ये मी ओव्हनमधून काढलेला अख्खा समोसा तोंडात कोंबला आणि जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, त्या पाण्यातूनच दिसलं: बॉल बंडूच्या दोन्ही हातांत आला आणि निसटून खाली पडला.

आता अर्धं मिनिट माझ्या हातात होतं. खाली ते तिघं अजून बॉल फेकायची वाट बघत होते. 'सुटला' म्हटलं की काकांचं घर सुटलं. 'पकडला' म्हटलं, तर अर्ध्या मिनिटानं काकू खोट्या पडणार. मी काहीच म्हटलं नाही. म्हणू शकत नव्हतो, तोंडात बटाटा जळत होता. मी सिंकवर वाकून तो थुंकला आणि नळाखाली जीभ धरली.

नळ बंद केला तेव्हा खालून काका म्हणत होते, "बरं. तू म्हणतेस तर जातो."

मी खाली गेलो. टीव्हीवर बंडू गवतावर गुडघे टेकून बसला होता. समीर रडत होता. त्यानं माझा खांदा धरला. "काय बोललास यार तू. कसं सुचलं?"

"काय?" मला नीट बोलताही येत नव्हतं.

पंकजचा चेहरा पांढराफटक. त्यानं मला शब्द न् शब्द सांगितला, माझ्याकडे रोखून बघत. "'सुटला हो. असू दे. तुम्ही जा लेकीकडे, इथलं मी बघते.'"

मी जीभ बाहेर काढून दाखवली. लाल, फोड आलेली. पंकज उठून सरळ गाडीत जाऊन बसला.

काका शांत होते. माझ्या जिभेकडे बघून म्हणाले, "बर्फ लाव त्याला." मग म्हणाले, "मला कळलं होतं. आज मीठ बरोबर होतं."

मार्चमध्ये काका शुगर लँडला गेले. छोटा टीव्ही आणि हुडी सोबत नेली. घर विकायला काढलंय, पण गिऱ्हाईक येतं, किचनपर्यंत जातं आणि पुन्हा फोन करत नाही. किल्ली माझ्याकडे आहे. लॉन कापायचं, नळ सोडून बघायचे, एवढंच काम. टीमनं बंडूला सोडलं नाही, एक वर्ष दिलं. समीर अजूनही त्यावर चिडतो.

सप्टेंबरमध्ये नव्या सीझनचा पहिला गेम होता, त्या रविवारी मी घर बघायला गेलो होतो. फोनवर गेम लावून फोन ओट्यावर उभा केला आणि नळ सोडला. घर रिकामं, फर्निचरसुद्धा नाही. फोनवर खेळाडू कंबरेत वाकून उभे होते.

"पकडला हं बंडूनं."

मी नळ बंद केला. वळून बघितलं नाही. फोनकडेच बघत राहिलो. पाटलानं बॉल फेकला, लांब, तिरका. बंडू कुठून आला ते समोरच्याला कळलंसुद्धा नाही. बॉल त्याच्या हातात आला आणि राहिला.

"हो काकू," मी म्हटलं, माझ्या स्वतःच्या आवाजात. कोणाचा आवाज काढायची हिंमत नव्हती.

मग काकांना फोन लावला. "काका, बंडूनं पकडला."

"थांब, लेकीच्या टीव्हीवर अजून यायचंय, हाही इंटरनेटचाच. तुझा फोन पुढे आहे वाटतं?"

"फोनच्याही आधी कळलं, काका. मी तुमच्या किचनमध्ये आहे."

 तिकडे मागे त्यांच्या नातवाची बडबड आणि टीव्हीवरचा गलका ऐकू येत होता. मग तो गलका एकदम वाढला, आणि काका म्हणाले, "हो. पकडला." मग हळू आवाजात, "तिला म्हणावं, मी जेवतो वेळेवर."

मी तसं सांगितलं. मग फोन उचलला, दिवे घालवले आणि बाहेर पडून गाडीत बसलो. गाडी वळवताना किचनच्या खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.