धाब्यावरचे डबे

सरकारनं निर्धूर चुलींची योजना आणली, तेव्हा धुळ्याच्या शिबिरात चूल घालायला शिकलेल्या आम्ही मोजक्याच बायका होतो. माझं पहिलं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. पंचायत समितीचे साहेब स्पष्टच म्हणाले होते, "या गावातल्या चुली चालल्या तर पुढची गावं तुम्हाला. नाहीतर आम्ही गवंडी पाठवू." शेतमजुरीपलीकडचं काम पहिल्यांदाच माझ्या हाताला लागलं होतं. ते कुणा गवंड्याला आयतं देणार नव्हते मी.

चुली घातल्या, घरांच्या सपाट मातीच्या छपरांतून, म्हणजे धाब्यांतून, पाइप वर काढले. बायका खूश झाल्या. उन्हाळ्यात साहेब बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी गेले, तर घराघरात धूर. पहिली चूल घातली होती त्या घरच्या अक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुन्ही चूल बी तशीच निंघनी, बहिन."

माझं डोकंच फिरलं. राख काढली, चूल आतून चाचपली, काही बिघडलेलं नव्हतं. मग शिडी लावून धाब्यावर चढले. जुन्या लुगड्यांवर कुरडया वाळत होत्या, आणि आसपासच्या सगळ्या धाब्यांवर पाइपाच्या तोंडावर तेलाचा रिकामा डबा पालथा.

खाली येऊन विचारलं, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "वर काजळी पडस ना. काळ्या कुरडया कोन खाई?"

राग आला आणि हसूही. वर्षाच्या कुरडया त्या सोडणार नव्हत्या, हे मला कळत होतं, मीही त्यांच्यातलीच. पण चुलीही मी सोडणार नव्हते. घरोघरी वर चढले, डबे उचलले, वारा येतो त्या बाजूला कुरडया सरकवल्या आणि चूल पेटलेली असेपर्यंत वर लुगडं झाका म्हणून सांगितलं. दोघीतिघी कडाडून भांडल्या. त्यांच्या भाकरी होईपर्यंत मी त्यांच्या धाब्यावरून उतरलेच नाही. कुरडया पांढऱ्याच राहिलेल्या पाहिल्यावर त्यांनी आपणहून डबे घरात नेले.

सकाळी साहेब आले. अक्का भाकरी थापत होत्या, डोळे कोरडे. साहेबांनी आढ्याकडे पाहिलं, म्हणाले, "ठीक आहे. पुढचं गाव यांना."

अक्का तव्यावर भाकरी टाकत म्हणाल्या, "तिले एखलीले धाडू नका, भाऊ. एखली बाईनं कोन्ही ऐकस नही. मी बी जास."

पुढच्या गावात माझ्याआधी अक्काच शिडी चढल्या.